टक तेवढी ठेवली

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि ती तर माझ्या चेहऱ्यावरून ऑफिसच्या कँटीनमध्ये मी समोसा खाल्ला की नाही ते ओळखते. हे मात्र तिला ओळखता आलं नाही. म्हणजे मी किती सराईत खोटारडा असेन, बघा. मला स्वतःलाच हे माहीत नव्हतं. पन्नाशीला आलेला, केंद्र सरकारात सेक्शन ऑफिसर, कुणाच्या अध्यात ना मध्यात असा माणूस — मी स्वतःला असंच समजत होतो. अजूनही सकाळी दाढी करताना आरशात तोच दिसतो. धक्का बसतो तो याचाच.

गोष्ट एका आवाजाची आहे. आवाज तरी केवढा? टक. बस, एवढाच.

मी हौशी रेडिओवाला आहे. आम्हाला हॅम म्हणतात. परीक्षा असते, परवाना असतो, घरात एक यंत्र आणि गच्चीवर एक लांब तार. दिल्लीच्या द्वारकेतल्या माझ्या फ्लॅटमधून मी नागपूरशी बोलतो, नाशिकशी बोलतो, कधी नशीब असेल तर जपानशी. मोबाईल असताना हे कशाला, असं विचारू नका — माझ्या मुलीचं ते विचारून झालंय. दर रविवारी सकाळी आठला आमचं मराठी 'नेट' भरतं. इंटरनेट नव्हे, हवेवरची हजेरी. दहा-बारा जण ठिकठिकाणाहून येतात, एकेकाला नावाने पुकारायचं, त्याने दोन शब्द बोलायचे, मग पुढचा. हे पुकारायचं काम माझ्याकडे आहे. त्या अर्ध्या तासात मी कुणीतरी असतो.

आता ती टक. यंत्राला तार एकच असते. ऐकताना ती कानाला जोडलेली, बोलताना तोंडाला. दोन्ही एकदम नाही. ही अदलाबदल करतो तो रिले — एक छोटीशी पट्टी, इकडून तिकडे उडी मारते. बोलायला गेलं की टक, थांबलं की टक. नव्या यंत्रांत ती कळतसुद्धा नाही. पण नोएडाच्या सबनीस काकांचं यंत्र जुनं होतं, पत्र्याच्या ट्रंकेएवढं, आणि त्याचा रिले असा वाजायचा की स्वयंपाकघरातून काकू ओरडायच्या.

त्यात काकांचा हात थरथरे. माइकचं बटण दाबून धरवत नसे. म्हणून त्यांनी आवाजावर चालणारी सोय लावून घेतली होती; तोंड उघडलं की यंत्र आपोआप बोलायच्या बाजूला जाई. पण रिलेला उडी मारायला क्षणभर लागतो आणि तेवढ्यात पहिलं अक्षर गळतं. त्यामुळे त्यांचा 'नमस्कार मंडळी' आमच्याकडे 'मस्कार मंडळी' होऊन यायचा. नागपूरच्या शेख सरांनी त्यांचं नावच मस्कारकाका ठेवलं. कुकरची शिट्टी झाली की टक, शिट्टी हवेवर. काकूंनी 'अहो, चहा' म्हटलं की टक, आणि 'हो, चहा' थेट नागपूरला. कधी तर रिलेची टकच माइकात शिरायची, तिनेच यंत्र पुन्हा चालू व्हायचं, आणि मग कुणी काही न बोलता टक, टक, टक. आम्ही हसायचो. काकूंना आमच्यापैकी फारसं कुणी पाहिलेलं नव्हतं, पण त्यांचे गुडघे सगळ्या नेटला ठाऊक होते.

मला या छंदात काकांनीच आणलं. कोपर्निकस मार्गावरच्या सदनात एका गणपतीच्या कार्यक्रमाला ते माझ्या शेजारी जेवायला बसले होते. मी विचारलं काय करता, तर त्यांनी उत्तर म्हणून चमच्याने ताटाच्या कडेवर माझं नाव मोर्सच्या सांकेतिक खुणांत वाजवून दाखवलं. नंतर दोन वर्षं मी दर शनिवारी नोएडाला जायचो. मोर्सच्या परीक्षेत मी नापास झालो. दोनदा. तिसऱ्या वेळी काका परीक्षेच्या खोलीबाहेर बाकावर बसून राहिले होते, डबा घेऊन.

माझं मराठीही त्यांनीच दुरुस्त केलं. मी दिल्लीत जन्मलेला, सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेला. 'मला माहीत पडलं नाही' असं मी बोलायचो, हिंदीतून उचललेलं. काका भर नेटवर थांबवायचे. "मिलिंद, माहीत पडत नाही. कळतं." दर रविवारी ते 'आजचा शब्द' म्हणून एक जुना मराठी शब्दही सांगायचे, आम्हा बाहेर राहणाऱ्यांचे शब्द गळत चाललेत म्हणून. सगळ्यांना ते गोड वाटायचं. मलाही वाटायचं — बहुतेक रविवारी.

मी लांबण लावतोय, मला कळतंय. सांगतो.

आमच्या मंत्रालयात एक साहेब आले, लातूरकडचे. त्यांना रेडिओचं वेड. नुकताच परवाना मिळालेला. मी त्यांच्या नजरेत भरलो तो या एका गोष्टीमुळे; एरवी फायली नेणाऱ्या माणसाला कोण विचारतो? लिफ्टमध्ये, कॉरिडॉरमध्ये ते मला थांबवून बोलायचे आणि बाकीचे बघत राहायचे. एकदा त्यांनी विचारलं, मोर्स कितव्या प्रयत्नात? मी म्हणालो, पहिल्याच, सर. का म्हणालो? काही गरज नव्हती. ते स्वतः दुसऱ्या प्रयत्नात पास झाले होते आणि हसत तसं सांगतही होते. मग त्यांनी जाहीर केलं की येत्या रविवारी मी तुमच्या नेटवर येणार.

आणि मला घाम फुटला. कारण नवा माणूस आला की काका एक किस्सा हमखास सांगायचे, त्याला धीर यावा म्हणून. किस्सा माझाच. मिलिंद दोनदा कसा नापास झाला आणि तिसऱ्या वेळी पेपर झाल्यावर बाहेर येऊन थालीपीठ खाताना कसा रडला.

त्याच आठवड्यात काकांच्या सुनेचा, मुग्धाचा फोन आला. म्हणाली, दादा, त्या टकटकीचं काही करता येतं का बघा ना, आईंना दुपारी जरा डोळा लागला की हे सुरू होतं. मी शनिवारी गेलो. काकांना कोण आनंद. काकूंनी साबुदाण्याची खिचडी केली होती — गुडघ्यावर हात ठेवत ठेवत केली होती. काकांची एकच अट: आवाज कमी कर, पण पार घालवू नकोस. त्यांच्या नजरेच्या मधोमध धुकं साचलं होतं. काट्याची हालचाल, लाल दिवा, काही दिसत नसे. आपण हवेवर गेलो की नाही, हे त्यांना त्या टकवरूनच कळायचं.

मी झाकण काढलं. रिलेखाली जाड लोकरीचा तुकडा घातला. आवाज निम्मा झाला. काम संपलं होतं. झाकण लावायचं, खिचडी खायची, मेट्रो पकडायची. पण समोर एक बारीक प्लग होता, करंगळीच्या नखाएवढा. तो निघाला की बोलणं शेवटच्या टप्प्यापर्यंत पोचतच नाही. ऐकणं चालू राहतं, दिवे लागतात, रिले वाजतो. बाहेर मात्र काही जात नाही.

मी तो काढला.

काका दोन हातांच्या अंतरावर बसले होते. मला काकूंच्या बालपणीच्या सांगलीबद्दल काहीतरी सांगत होते. मी थांबलो का? नाही. मी 'हो का, अच्छा' म्हणत होतो. झाकणाचे चारही स्क्रू नीट आवळले. काकांनी 'हॅलो' म्हणून पाहिलं, टक झाली, आणि ते खूश झाले. बघा, मी त्यांचा आवाज काढून घेतला आणि टक तेवढी ठेवली. हे मी केलं. शिकून, सवरून, पोटभर खिचडी खाऊन केलं.

एकाच रविवारपुरतं होतं, असं मी स्वतःला सांगितलं.

रविवारी साहेब आले. मी एकेकाला पुकारत गेलो. काकांचं नाव घेतलं आणि थांबलो. पलीकडे फक्त खरखर. त्या क्षणी नोएडात ते बोलत होते, हे मला ठाऊक होतं. बहुधा माझाच किस्सा. मी अंदाजाने तेवढा वेळ जाऊ दिला आणि म्हणालो, "सबनीस काका मला फाइव्ह नाईन येतायत, पण तुम्हाला बहुतेक ऐकू येत नसतील. माकडांनी त्यांची तार लोळवलीये, दिल्लीपलीकडे जात नाहीयेत. मी त्यांचा निरोप पुढे देतो — सगळ्यांना नमस्कार म्हणतायत."

फाइव्ह नाईन म्हणजे काय ते सांगायला हवं. आवाज किती स्पष्ट, त्याला पाचपैकी गुण; किती जोरात, त्याला नऊपैकी. फाइव्ह नाईन म्हणजे पैकीच्या पैकी. खरं तर आम्ही सगळेच ते सरसकट देतो, लग्नघरी 'जेवण छान होतं' म्हणतात तसं. कुणाचं मन कशाला मोडा. त्यामुळे हे खोटं माझ्या तोंडातून किती सहज निघालं, ते मलाही जाणवलं नाही. ज्याचा आवाज मी स्वतः बंद केला त्याला मी पैकीच्या पैकी गुण दिले.

दुपारी काकांना फोन केला. म्हणालो, काका, काल तुमच्या गच्चीवर डोकावलो होतो, माकडांनी तारेचं वाटोळं केलंय. मला तुम्ही उत्तम येता, जवळच आहे ना. बाकीच्यांना मी सांगत जाईन. नवी तार घेऊन येतोच. ते म्हणाले, सावकाश ये, घाई नाही. आणि मग म्हणाले, तू आहेस म्हणून मी हवेवर आहे.

यावर मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, काय काका, बस का.

पुढच्या रविवारीही साहेब आले. त्याच्या पुढच्याही. मग मी एक पद्धतच पाडली. शनिवारी काकांना फोन करायचा, उद्याचा शब्द काय, काकू कशा आहेत, काही निरोप आहे का, सहज बोलता बोलता काढून घ्यायचं. रविवारी तेच त्यांच्या नावावर सांगायचं. ते तिकडे बोलत असतील त्याच्याशी थोडंफार जुळायचं. लोक माझं कौतुक करू लागले. शेख सर म्हणाले, मिलिंदजी, बुजुर्गांची अशी सेवा हल्ली कोण करतं. आम्ही हॅम लोक एकाचा निरोप दुसऱ्यापर्यंत पोचवण्यालाही रिले करणंच म्हणतो. म्हणजे काकांच्या यंत्रातला रिले नुसता वाजत होता, आणि दुसरा रिले मी झालो होतो.

सहाव्या रविवारनंतर साहेब येईनासे झाले. त्यांना गोल्फ लागला. मग तरी प्लग लावायचा की नाही? एक मेट्रो, दहा मिनिटांचं काम. मी गेलो नाही. खरं सांगू? नेट सुरळीत चाललं होतं. कुकर नाही, टकटक नाही, मध्येच कुणी माझं मराठी दुरुस्त करत नाही. मला ते बरं वाटत होतं. साहेबांचं भय निदान भय तरी होतं. हे तर निव्वळ बरं वाटणं होतं.

मग तो शनिवार आला. साताऱ्याहून माझे चुलतभाऊ आले होते, त्यांना पानिपतला काला अंब, ते लढाईचं स्मारक, बघायचं होतं. गाडी करून गेलो. तिथे दुपारी फोन वाजला — सबनीस काका. ते आपणहून कधी फोन करत नसत, नंबर दिसत नसे ना. कुणाकडून तरी लावून घेतला असणार. हे मला आत्ता सुचतंय. तेव्हा सुचलं नाही. भाऊ फोटोसाठी हाका मारत होते. मी मनात म्हटलं, उद्या सकाळी आहेच की, आणि फोन खिशात ठेवला. घरी येईपर्यंत विसरलो.

रविवारी आठला बसलो तेव्हा लक्षात आलं की काकांचा शब्द आपल्याकडे नाही. वेळ कुठे होता? त्यांचं नाव पुकारलं, खरखर ऐकत बसलो. त्या दिवशी जरा जास्तच वेळ जाऊ दिला, शब्द आठवायला. आईचा एक शब्द सापडला. मग म्हणालो, आणि हे वाक्य मला अक्षरन् अक्षर पाठ आहे, "काका फाइव्ह नाईन. म्हणतायत, घरी सगळं उत्तम. काकूंचे गुडघे आता पुष्कळ बरे आहेत. आणि आजचा शब्द आहे 'निगुती'. निगुतीने करणं म्हणजे नीटनेटकं, मन लावून करणं. काका म्हणतात, जसा काकू संसार करतात तसं."

ते उदाहरण माझं स्वतःचं होतं. मला ते सुचलं याचा आनंद झाला होता. शेख सर वा वा म्हणाले.

पुढच्या शनिवारी रिवाजाप्रमाणे फोन केला. मुग्धाने उचलला.

"दादा, बरं झालं तुम्ही फोन केलात," ती म्हणाली. "आई गेल्या त्याला आज नववा दिवस."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी विचारलं, कोण आई? असं विचारलं मी. ती सांगत राहिली. शुक्रवारी पहाटे झोपेतच. शनिवारी बाबांनी तुम्हाला फोन लावायला सांगितला होता, तुम्ही उचलला नाही. मग म्हणाले, राहू दे, उद्या सकाळी सगळे एकदम भेटतील तेव्हाच सांगतो, माझी माणसं आहेत ती. रविवारी आठला बसले. पाच-सात मिनिटं बोलले, आईंबद्दल, एकटेच. मी दाराशी उभी होते. मग मी आत गेले, बाबा नुसतं ऐकत बसले. त्यानंतर यंत्राला हात लावला नाही.

"दादा, कुणाचाच कसा फोन आला नाही?" तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं.

फोन ठेवल्यावर मी गॅलरीत उभा होतो आणि खाली भाजीवाला टोमॅटोचा भाव सांगत होता, एवढंच आठवतं. पाच-सात मिनिटं. तेवढा वेळ मी शब्द आठवत होतो. त्यांनी सांगितलं की ती गेली, आणि त्यांच्याच स्पीकरमधून त्यांना ऐकू आलं — सगळं उत्तम, गुडघे बरे आहेत. माझ्या आवाजात. त्यांच्या नावाने. दोन दिवसांपूर्वी जाळून आलेल्या बायकोचे गुडघे. हे कुठल्या माणसाने केलं? मी आजही असा विचार करतो जणू काही तो कुणी दुसरा सापडणार आहे.

नोएडाला गेलो. काकूंचा फोटो स्टुलावर होता, समोर समई. काका खुर्चीत बसले होते, दाढी वाढलेली. मी पाया पडलो. त्यांनी डोक्यावर हात ठेवला, नेहमीसारखाच. मी मनात जुळवत होतो: काका, मी प्लग काढला होता. चार-पाच शब्द. एवढेच बोलायचे होते.

त्यांनीच विचारलं, "गेल्या रविवारी माझा रिपोर्ट काय होता रे?"

हे माझ्यासाठी उघडलेलं दार होतं. आता कळतं. तेव्हाही कळलं होतं — नाही म्हणत नाही. मी तोंड उघडलं आणि त्यातून निघालं, "फाइव्ह नाईन, काका."

काकूंच्या फोटोसमोर. समई जळत असताना. विचार करून नव्हे, तसाच निघाला. गुडघ्यावर हातोडी मारली की पाय उडतो, तसा.

काकांनी मान हलवली. "कळलं," म्हणाले.

मग ते उठले, भिंतीला धरत. टेबलाच्या खणातून स्क्रू ड्रायव्हर काढला आणि चाचपडत माझ्या हातात दिला. म्हणाले, रिलेचं काहीतरी अडकतंय वाटतं, बघ जरा, मी आत पडतो. आत गेले आणि दार लोटून घेतलं. मी चार स्क्रू काढले. प्लग तिथेच होता, जिथे मी वाकवून ठेवला होता. लावायला दहा सेकंद लागली, फार तर. निघताना मुग्धाला म्हणालो, झालं काम. ती म्हणाली, थँक यू, दादा.

दुसऱ्या दिवशी रविवार. आठ वाजता मी सगळ्यांना सांगू शकत होतो. सगळं नाही, तर निदान काकू गेल्या एवढं तरी. पण मग विचारलं असतं, कधी? आणि मग शेख सरांनी म्हटलं असतं, गेल्या रविवारी तर तुम्ही... मी काकांचं नाव पुकारलंच नाही. म्हणालो, काका आज नाहीत. मुग्धाने नंतर कधीतरी सहज सांगितलं, त्या दिवशी दहाव्याला घाटावर जायच्या आधी बाबा रेडिओ लावून बसले होते, अर्धा तास. बोलले काही नाहीत. म्हणजे ते वाट बघत होते. मी सांगतो का, याची.

त्याच्या पुढच्या रविवारी मी नेट उघडलं आणि पहिल्याच मिनिटाला ऐकू आलं — टक. "मस्कार मंडळी."

काय कल्लोळ झाला. सगळे एकदम बोलायला लागले, कुणाचं कुणाला कळेना. काका, कित्ती दिवसांनी थेट आवाज. माकडांना धडा शिकवलात वाटतं. मी माइक हातात धरून बसलो होतो. मग शेख सरांनी सगळ्यांना शांत केलं आणि म्हणाले, काका, काकूंच्या गुडघ्यांचं ऐकून फार बरं वाटलं, आमच्या घरीही तोच त्रास आहे, कुठलं औषध लागू पडलं?

टक झाली. बंद. पुन्हा टक. कुणी बोलत नव्हतं. तो रिले आपल्याच आवाजाने चालू-बंद, चालू-बंद होत होता आणि मध्ये मध्ये श्वास ऐकू येत होता. मला वाटलं, आता सांगतील. सांगू देत, असंही वाटलं. इतक्या दिवसांत एवढं एकच बरं मी मनात आणलं असेन.

"मिलिंदने सांगितलंच आहे तुम्हाला," काका म्हणाले. "सगळं निगुतीने चाललंय."

मग त्यांनी नेहमीसारखं विचारलं, माझा रिपोर्ट? आणि सगळे थांबले, कारण पहिला रिपोर्ट द्यायचा मान माझा असतो.

मी दिला. तो रिपोर्ट खरा होता.

त्याला आता दीड वर्ष होत आलं. काकांनी तो विषय माझ्याकडे काढलेला नाही, मीही नाही. त्यांनी मला वाचवलं, की शिक्षा दिली, की आपल्या बायकोला निदान त्या अर्ध्या तासात जिवंत ठेवायचं त्यांना बरं वाटतं — मला ठाऊक नाही. विचारायची छाती नाही. दर रविवारी कुणी ना कुणी काकूंना नमस्कार सांगतं आणि काका म्हणतात, सांगतो. दिवाळीला नाशिकहून त्यांच्यासाठी साडी आली. मुग्धाला काय सांगून त्यांनी ती कपाटात ठेवून घेतली, कुणास ठाऊक. ते आता माझं मराठी दुरुस्त करत नाहीत. परवा मी मुद्दाम 'माहीत पडलं' म्हणून पाहिलं. काही बोलले नाहीत.

लोकर झिजली असावी, रिले पुन्हा पहिल्यासारखा मोठ्याने वाजतो. गेल्या रविवारी शेख सरांनी विचारलं, काकूंचा आवाज हल्ली ऐकू येत नाही, 'हो, चहा' कुठे गेला?

टक झाली. "आत आहे ती," काका म्हणाले. "कामात आहे."

मी पुढच्या माणसाचं नाव पुकारलं.